‘लॉग इन’ : समुद्रात टाकलेल्या फळीपासून पासवर्डपर्यंत

बँकेचं अ‍ॅप उघडा, वीजबिल भरा किंवा ऑफिसचा मेल पाहा; आधी ‘लॉग इन’ करावंच लागतं. इंग्रजीत ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. त्याचं संगणकाशी नातं जुळलं ते शिडाच्या जहाजांमुळे.

भर समुद्रात जहाजाचा वेग कळणं अवघड. चहूकडे पाणी, खूण म्हणून धरायला झाड नाही की डोंगर नाही. म्हणून खलाशी खूणच पाण्यात टाकत. दोरी बांधलेलं लाकूड जहाजाच्या मागून सोडायचं. ते जवळपास जागच्या जागी राहतं, जहाज पुढे जातं, दोरी उलगडत जाते. ठरावीक वेळात किती दोरी गेली, त्यावरून वेग काढायचा. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकानं १५७४ साली नौकानयनावरच्या पुस्तकात ही पद्धत नोंदवली.

पुढे ओंडक्याची जागा वर्तुळाच्या चतकोर आकाराच्या फळीनं घेतली. तिच्या गोल कडेला शिसं भरलेलं असे, त्यामुळे ती पाण्यात उभी राहून ओढीला विरोध करी. मोजणी संपली की दोरीला हिसका द्यायचा. फळीत बसवलेली खुंटी निसटायची, फळी आडवी व्हायची आणि अलगद ओढून घेता यायची. ही खुंटी ज्याला सुचली, त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

सुरुवातीची काही दोरी हिशेबात धरत नसत, कारण जहाजामागच्या खळबळत्या पाण्यापासून फळी दूर जायला हवी. तिथे दोरीला चिंधी बांधलेली असे. चिंधी हातातून सरकली की वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि पुढच्या गाठी मोजायच्या. घड्याळ २८ सेकंदांचं असेल तर दर ४७ फूट ३ इंचांवर एक गाठ. हा विचित्र वाटणारा आकडा साध्या त्रैराशिकातून येतो : तासाच्या ३६०० सेकंदांत ६०८० फुटांचा एक सागरी मैल, तर २८ सेकंदांत किती? त्यामुळे जितक्या गाठी हातातून गेल्या, तितके सागरी मैल ताशी वेग. गाठीला इंग्रजीत ‘नॉट’ म्हणतात. जहाजांचा आणि विमानांचा वेग आजही नॉटमध्येच सांगतात. पण दोरी ताणली जाई, दमट हवेत वाळू अडखळे, आणि समुद्राचा प्रवाह फळीलाही वाहून नेई. म्हणून दोरी आणि घड्याळ दोन्ही वरचेवर तपासावी लागत.

मोजलेला वेग आधी पाटीवर खडूनं लिहीत, मग वहीत उतरवत. तीच लॉगबुक. वेगासोबत दिशा, वारा, हवामान यांच्याही नोंदी तीत होत. १७५० ते १८५० या काळातल्या युरोपीय जहाजांच्या अशा वह्यांमधून संशोधकांनी त्या वेळच्या सागरी वाऱ्यांचा अभ्यास केला आहे. हळूहळू कुठल्याही क्रमवार नोंदवहीला हा शब्द लागला. आपल्याकडे सरकारी गाडीच्या चालकाकडेही लॉगबुक असते. नोंद करणं या अर्थी ‘लॉग’ हे क्रियापदही रुळलं.

त्याला ‘इन’ जोडलं गेलं ते संगणकाच्या युगात. नोव्हेंबर १९६१मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था दाखवली. तेव्हा संगणकाचा वेळ अतिशय महाग होता. कोण आलं, किती वेळ वापरला, याचा हिशेब ठेवणं भाग होतं. म्हणून काम सुरू करताना ‘लॉगिन’ आणि थांबवताना ‘लॉगआउट’ असे आदेश टंकावे लागत. इथला ‘इन’ हजेरीपटावर सही करून आत जाण्याचा. पासवर्डही याच व्यवस्थेत आला. आठवड्याला मिळणारे मोजके तास पुरेनात, म्हणून अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्यानं १९६२ साली सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली होती.

नोंदीचा तो अर्थ अजून जिवंत आहे. तुम्ही लॉग इन केलंत की सर्व्हरवरच्या लॉग फाइलमध्ये सहसा एक ओळ वाढते : तारीख, वेळ, खातं, कुठल्या पत्त्यावरून, पासवर्ड बरोबर की चूक. मध्यरात्री एकाच खात्यावर काही मिनिटांत शेकडो चुकीचे पासवर्ड पडले, तर ते इथेच उघडं पडतं. सायबर तपासात या नोंदी सुरुवातीलाच मागवतात. सराईत घुसखोरही आत शिरल्यावर त्याच पुसायला बघतो, म्हणून जपणारे लोक त्यांची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवतात.