आरशापुढचे भाषण आणि खिशातले यंत्र

दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी बेळगावच्या किंवा इंदूरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल होतो. इंग्रजी त्याला वाचता येते, परीक्षेपुरते लिहिताही येते. पण यथाकाल ‘सेमिनार’ नावाचे प्रकरण समोर उभे राहते आणि भरलेल्या वर्गापुढे दहा मिनिटे इंग्रजीत बोलायचे, या कल्पनेनेच त्याच्या तोंडचे पाणी पळते. मग तो सगळा मजकूर पाठ करतो. सातव्या वाक्याशी एक शब्द निसटतो आणि त्याबरोबर पुढची सारी वाक्येही निसटतात. विषय त्याला येत नव्हता असे नव्हे. बोलण्याची तालीम त्याला मिळालेली नव्हती.

ती मिळणे कठीणही असते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाला पाच मिनिटे द्यायची म्हटली, तरी पाच तास होतात. त्या विषयाचा आठवडा त्यातच सरेल. म्हणून पूर्वीचे वक्ते आरशाचा आश्रय करीत. आरसा हावभाव दाखवतो, पण आवाज परत देत नाही. आवाज परत देणारे यंत्र एडिसनने १८७७ साली सिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची जी यादी त्याने प्रसिद्ध केली, तीत वक्तृत्वशिक्षणाचाही समावेश होता. आज तेच यंत्र प्रत्येक मोबाइलमध्ये ‘रेकॉर्डर’ या नावाने विनामूल्य पडून असते.

स्वतःचा आवाज प्रथम ऐकणारा माणूस बहुधा दचकतो. त्याचे कारण साधे आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून जसा ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांमधूनही येतो, आणि त्यामुळे तो अधिक भरदार भासतो. ध्वनिमुद्रणात केवळ हवेतला आवाज उरतो. श्रोत्यांना नेहमी तोच ऐकू येत असतो, एवढे कळले की संकोच पुष्कळ कमी होतो.

यंत्र हाती आले तरी त्याचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न उरतोच. भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी १९८९ साली चर्चिलेली एक रीत येथे फार सोयीची पडते. एकच विषय प्रथम चार मिनिटे, मग तीन, मग दोन मिनिटांत बोलायचा, आणि दर वेळी श्रोता नवा. श्रोता नवा असल्याने तेच पुन्हा सांगणे अस्वाभाविक वाटत नाही. वेळ आटत गेल्याने अडखळणे आटते. श्रोते नसतील तेथे मोबाइलवर तीन मुद्रणे करून ती लागोपाठ ऐकावीत. पाठांतर मात्र करू नये. एका चिठ्ठीवर पाच-सहा शब्द टिपावेत, इतकेच. आयईएलटीएस परीक्षेतही तोंडी भागात विषयाचे कार्ड देऊन तयारीला एकच मिनिट मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलावे लागते.

दुसरे साधन श्रुतलेखनाचे. आपण बोलावे आणि मोबाइलने लिहून घ्यावे. इंग्रजीत ‘व’ला जवळचे असे दोन वेगळे ध्वनी आहेत. एकात खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात. मराठी माणूस दोन्हींचे काम एकाच ‘व’वर भागवतो. बनियनचा ‘वेस्ट’ आणि पश्चिमेचा ‘वेस्ट’ सुटे उच्चारून पाहिले, की यंत्र काय ऐकते ते कळते. पूर्ण वाक्यात मात्र यंत्र संदर्भावरून तर्क करते आणि चुकीचा उच्चारही बरोबर लिहून मोकळे होते. तेव्हा अचूक उमटलेल्या वाक्याने हुरळून जाऊ नये. उलटही घडते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या श्रुतलेखन-यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सुमारे १९ चुका झाल्या, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात सुमारे ३५. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांचीही ही कथा! तेव्हा यंत्राने ‘चूक’ म्हटले म्हणून बोलणारा चुकलाच असे नाही.

आघाताचे प्रकरण याहून महत्त्वाचे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर पडतो. मराठी वळणाने सर्व अवयवांना सारखे वजन दिले, तर शब्द शुद्ध असूनही परक्या श्रोत्याला ते चटकन उमगत नाहीत. कोशाच्या ॲपमधील उच्चार ऐकावा, आपला मुद्रित करावा आणि दोन्ही पाठोपाठ लावावेत.

सादरीकरणाची तालीम घेणारी खास ॲपेही निघाली आहेत. मायक्रोसॉफ्टने पॉवरपॉइंटमध्ये २०१९ साली जोडलेला ‘कोच’ बोलण्याचा वेग, ‘अं-अं’सारखे पालुपद आणि आवाजाचा एकसुरीपणा मोजतो, वक्ता पडद्यावरचा मजकूर नुसता वाचत असेल तर तेही दाखवून देतो. हा शेवटचा गुण आपल्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक उपयोगाचा. तथापि एखाद्याच ॲपवर सारी भिस्त ठेवणे बरे नव्हे. विद्यार्थ्यांच्या छोट्या चित्रफितींसाठी जगभर वापरले जाणारे ‘फ्लिपग्रिड’ त्याच कंपनीने २०१८ साली विकत घेतले, आणि २०२४ साली त्याचे स्वतंत्र ॲप बंद केले. साधा रेकॉर्डर असा कोणी बंद करीत नाही.

यंत्राला जांभई येत नाही, शंका विचारता येत नाही. म्हणून शेवटची तालीम माणसांपुढेच झाली पाहिजे. ती घरच्यांपुढे झाली तरी चालते. आजोबांना इंग्रजी कळत नसले, तरी नातू कागदात डोके खुपसून बोलतो आहे की समोर पाहून, हे त्यांना बरोबर कळते.