विमान कोणासाठीं थांबतें?

एका विमानांतून उतरून दुसरें गांठावयाचें असतां पहिल्यास उशीर झाला, कीं प्रवाशाच्या मनांत एकच प्रश्न येतो: दुसरें विमान दहा मिनिटें थांबविलें असतें, तर काय बिघडलें असतें? डोळ्यांदेखत दार बंद झालेलें पाहून तो संतापतो, व दारावरील नोकरास बोल लावतो. वास्तविक हा निर्णय त्या नोकराच्या हातीं नसतो. तो कंपनीच्या नियंत्रण-कक्षांत होतो, आणि तेथील हिशेब वाटतो तितका सरळ नाहीं.

एकच विमान दिवसांतून अनेक फेऱ्या करतें. सकाळचा विलंब सायंकाळपर्यंत त्याची पाठ सोडीत नाहीं. आधींच येऊन बसलेल्यांपैकीं कित्येकांना पुढें तिसरें विमान गांठावयाचें असतें. वैमानिकांच्या कामाच्या तासांस कायद्याची मर्यादा आहे. ती संपली, तर उड्डाणच राहतें. शिवाय धांवपट्टीची पाळी सांभाळावी लागते. मुंबईच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळीं वापरतां येत नाहींत. तेथें पाळी चुकली, कीं दहा मिनिटांचीं तीस व्हावयास वेळ लागत नाहीं. फ्रँकफुर्ट येथें २०११ पासून रात्रीं ११ ते पहांटे ५ या वेळांत नियोजित उड्डाणांस बंदी आहे. तेथें साडेदहाचें विमान चौघांसाठीं रोखणें म्हणजे सर्वांनाच रात्रभर अडकविण्याचा धोका पत्करणें होय.

मग विमान थांबतें केव्हां? उशिरा येणारे पुष्कळ असतील, तें दिवसाचें शेवटचें उड्डाण असेल, किंवा अनुकूल वाऱ्यामुळें गेलेला वेळ वाटेंत भरून निघणार असेल, तेव्हां. अमेरिकेंतील युनायटेड कंपनीनें २०१९ मध्यें हा हिशेब संगणकाकडे सोंपविला. थांबल्यानें इतरांची विशेष गैरसोय होणार नसेल, तरच तो थांबण्याचा सल्ला देतो. खर्चाचा विचारही असतोच. युरोपीय संघानें २००४ सालीं नियम करून प्रवाशांची भरपाई अंतराप्रमाणें २५० ते ६०० युरो ठरविली, आणि न्यायालयानें २००९ सालीं ती दीर्घ विलंबासही लागू केली.

प्रवाशानें यांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर कंपनीस त्याचा उशीर दिसतो, व पुढील विमानाची सोय सामान्यतः तिलाच करावी लागते. दोन स्वतंत्र तिकिटें काढणारा मात्र दुसऱ्या कंपनीच्या लेखीं केवळ गैरहजर ठरतो. अशा माणसानें थोड्या पैशांच्या बचतीपेक्षां मध्यें चार तास मोकळे ठेवणें, हेंच शहाणपणाचें.