रुग्णाआधी औषध घेणारं आतडं

आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. हे काम अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी बसलेल्या मूलपेशी करतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं २००७ मध्ये त्या नेमक्या ओळखल्या. २००९ मध्ये याच गटातल्या तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातून अशा पेशी एकेक करून सुट्या काढल्या आणि वाढीला लागणारी मोजकी प्रथिनं देऊन जेलीसारख्या द्रव्यात ठेवल्या. बहुतेक मेल्या. पण ज्या तगल्या, त्यांनी आतड्याचं अस्तरच उभं केलं! मधे पोकळी, भोवती खळगे. अन्नरस शोषणाऱ्या, चिकट स्राव सोडणाऱ्या, जंतूंशी लढणाऱ्या पेशी आपापल्या जागी. हे ऑर्गनॉइड. २०११ मध्ये माणसाच्या पेशींपासूनही ते तयार झाले.

याचा सर्वांत मोलाचा उपयोग मला सिस्टिक फायब्रोसिसमध्ये दिसतो. या आनुवंशिक आजारात पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारं प्रथिन बिघडतं, आणि फुप्फुसांत, स्वादुपिंडात घट्ट स्राव साचतो. संबंधित जनुकात दोन हजारांहून अधिक बदल आढळले आहेत. काही बदल इतके दुर्मीळ, की औषधाची चाचणी घ्यायला पुरेसे रुग्णच मिळत नाहीत. अशा रुग्णानं करायचं काय?

उट्रेख्टच्याच संशोधकांनी २०१३ मध्ये वाट दाखवली. गुदाशयातून इवलासा तुकडा घ्यायचा, त्यापासून ऑर्गनॉइड वाढवायचे आणि क्लोराइड सोडणाऱ्या त्या प्रथिनाला कामाला लावणारं फोर्स्कोलिन नावाचं रसायन घालायचं. निरोगी ऑर्गनॉइडच्या पोकळीत पाणी शिरतं, तो तासाभरात फुगतो. रुग्णाचा जवळपास तसाच राहतो. मग औषध घालून पुन्हा पाहायचं. फुगला, तर त्या रुग्णाला औषध लागू पडण्याची आशा आहे. पुढे दुर्मीळ बदल असलेल्या रुग्णांना या चाचणीच्या आधारे औषध दिलं गेलं, आणि त्यांना गुण आला.

ऑर्गनॉइडला रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात, स्नायू नसतात. त्यामुळे सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथे मिळणार नाहीत. पण या एका प्रश्नापुरतं अस्तर पुरेसं आहे.

युरोपात सर्वाधिक आढळणारा जनुकबदल भारतीय रुग्णांत तुलनेनं कमी दिसतो. इतर बदलांचं प्रमाण इथे जास्त आहे. शिवाय आपल्याकडे या आजाराचं निदानच अनेकदा होत नाही. म्हणून भारतीय रुग्णांच्या ऑर्गनॉइडचा संग्रह इथेच, सरकारी खर्चानं उभा राहायला हवा.