डाव संपतो केव्हा?

मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरात खेळायला मोकळी जागा थोडी आणि मुले पुष्कळ. इमारतीच्या आवारात क्रिकेट सुरू व्हायचे, तर चेंडू टाकण्यापूर्वी एक करार होतो : 'पाच-पाच षटकांचा डाव. बाद झाला तर पुढचा गडी येईल. पण षटके पाचच.' हीच मुले सुट्टीत गावी जाऊन विटीदांडू खेळू लागली, की षटकांचे नावही निघत नाही. विटी झेलली जाईपर्यंत किंवा गलीवर ठेवलेल्या दांडूला क्षेत्ररक्षकाने फेकलेली विटी लागेपर्यंत गडी खेळतच राहतो. एका खेळात डाव चेंडू मोजून संपतो, दुसऱ्यात बाद होऊन. हा फरक वरवर किरकोळ दिसतो. पण सामना कोण जिंकणार आणि किती फरकाने जिंकणार, हे पुष्कळसे त्यावर अवलंबून असते. कसे ते पाहू या.

फाशाचे क्रिकेट

एक साधा फासा घ्या. १ पडला तर गडी बाद. दुसरा कोणताही आकडा पडला तर एक धाव. फासा ६० वेळा टाकला, तर सरासरीने १० वेळा १ पडेल आणि ५० वेळा इतर आकडे पडतील. म्हणजे दहा गडी बाद होईपर्यंत या संघाच्या साधारण ५० धावा होतील.

आता दुसरा संघ थोडा कच्चा आहे असे समजा. त्याचा गडी १ किंवा २ पडला तरी बाद होतो. या संघाचे दहा गडी सरासरीने ३० फेकींतच संपतील आणि धावा होतील २०. बाद होण्याची शक्यता दुप्पट झाली. पण धावा निम्म्या न होता त्याहूनही कमी झाल्या. कारण कच्च्या संघाचे दुहेरी नुकसान होते. त्याला दर फेकीला धाव मिळण्याची शक्यता कमी, आणि मुळात फेकीही कमी मिळतात.

हाच सामना आवारातल्या करारानुसार खेळा. प्रत्येकाला ३० फेकी, म्हणजे पाच षटके. बाद झाल्यावर गडी बदलतो, डाव थांबत नाही. पक्क्या संघाच्या सरासरीने २५ धावा होतील आणि कच्च्या संघाच्या २०. खेळाडू तेच, फासा तोच. पण ५० विरुद्ध २० हा सामना २५ विरुद्ध २० असा अटीतटीचा झाला! बाद मोजून डाव संपवला की दोन संघांमधील अंतर वाढते; चेंडू मोजून संपवला की ते आखडते.

पुणे १९४८, कल्याण २०१६

खऱ्या मैदानावर हे अंतर किती वाढू शकते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी करंडकाचा महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड असा सामना झाला. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा त्या वेळचा विश्वविक्रम गाठायला अवघ्या ९ धावा हव्या होत्या. पण काठेवाडच्या संघाने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. त्यामुळे तो डाव दहा गडी बाद होऊन संपला नाही आणि कर्णधाराने घोषित केला म्हणूनही संपला नाही. समोर खेळायला कोणी उरले नाही, म्हणून तो संपला!

दुसरे उदाहरण मीरा-भाईंदरच्याच ठाणे जिल्ह्यातले. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे भंडारी करंडकाच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ धावांवर डाव घोषित केला. समोरच्या शाळेच्या दोन डावांत धावा झाल्या ३१ आणि ५२. म्हणजे एक डाव आणि १३८२ धावांनी विजय! प्रणवचे कौतुक जगभर झाले आणि ते योग्यच होते. पण दुसऱ्या बाजूच्या मुलांचाही विचार करा. ती बहुतेक सारा वेळ क्षेत्ररक्षणच करीत होती. ताकदीत फार फरक असेल, तेव्हा बादांवर चालणारा डाव जवळजवळ एकाच संघाचा होऊन बसतो.

बेसबॉलची युक्ती

बेसबॉलनेही डाव बादांवरच ठेवला. पण त्याचे तुकडे केले. तीन गडी बाद झाले की पाळी दुसऱ्या संघाची. दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक डाव होतो आणि असे नऊ डाव खेळतात. क्रिकेटमध्ये एका संघाची पाळी म्हणजे एक डाव. बेसबॉलमध्ये तो अर्धाच डाव. बाद झालेला फलंदाज क्रिकेटमध्ये त्या डावापुरता संपतो; बेसबॉलमध्ये मात्र नऊ फलंदाजांचा क्रम फिरत राहतो आणि त्याची पाळी पुन्हा येते.

नऊ डावांत प्रत्येक संघाला एकंदर २७ बाद मिळतात. मग ते तीन-तीनच्या तुकड्यांत देण्याने काय साधते? बेसबॉलमध्ये धाव एकदम मिळत नाही. पहिला, दुसरा, तिसरा बेस ओलांडून खेळाडू होम प्लेटवर पोहोचला, तरच एक धाव. आणि तिसरा गडी बाद झाला की वाटेतल्या बेसवर उभ्या असलेल्यांची मेहनत वाया जाते. पुढच्या डावात पाटी कोरी.

समजा, एका संघाने नऊ चांगले फटके मारले आणि दर फटक्याला प्रत्येक जण एकच बेस पुढे गेला. हे फटके दर डावात एक असे विखुरले, तर धावा शून्य! तेच नऊ फटके एकाच डावात लागले, तर तीन खेळाडू बेसवर अडकतील आणि धावा होतील सहा. म्हणजे नुसते चांगले खेळून भागत नाही. एकापाठोपाठ एक चांगले खेळावे लागते. शिवाय पाळी लवकर बदलत असल्यामुळे दुबळ्या संघालाही फार काळ ताटकळावे लागत नाही.

ही नऊची संख्या पहिल्यापासून नव्हती. १८४५ च्या न्यूयॉर्कमधील नियमांनुसार, आधी २१ धावा करणारा संघ विजयी ठरत असे. नऊ डाव ठरले १८५७ मध्ये. पण बरोबरी झाली तर जादा डाव खेळावेच लागतात. १९८१ मध्ये अमेरिकेत पॉटकेट आणि रॉचेस्टर यांचा सामना १८ एप्रिलच्या रात्री सुरू झाला. तो पहाटे ३२ डावांनंतर थांबवला आणि २३ जूनला ३३ व्या डावात संपला. एकूण खेळ ८ तास २५ मिनिटे!

क्रिकेटलाही वेळेने असेच छळले. मार्च १९३९ मध्ये दरबान येथे निकाल लागेपर्यंत खेळायचे ठरलेला कसोटी सामना ३ तारखेला सुरू झाला, तो १४ तारखेला अनिर्णित सोडावा लागला. इंग्लंडला ६९६ धावा हव्या होत्या आणि ५ बाद ६५४ झाल्या होत्या. पण पाऊस आला आणि परतीची बोट गाठायची होती.

आपल्या खो-खोने हा प्रश्न घड्याळावर सोपवला. ठरलेली मिनिटे संपली की शिट्टी वाजते आणि पाळी बदलते. मोठ्या आंतरराष्ट्रीय बेसबॉल स्पर्धांत, सात डावांनंतर एक संघ १० धावांनी पुढे असेल, तर सामना तेथेच संपवतात. डाव कशाने संपवावा, याचे एकच उत्तर नाही. वेळ किती, जागा किती आणि खेळाडू किती तोडीचे, हे पाहून नियम निवडायचा असतो.

करून पाहा

वर्गात दोन गट करा. एकाला '१ पडल्यास बाद' आणि दुसऱ्याला '१ किंवा २ पडल्यास बाद' असा नियम द्या. दहा सामने दहा बादांचे खेळा आणि दहा सामने ३० फेकींचे. दोन्ही प्रकारांत कच्चा गट किती वेळा जिंकला, ते फळ्यावर मांडा. नंतर दहा बादांऐवजी एकच बाद ठेवून पुन्हा दहा सामने खेळा. आता कच्च्या गटाचे विजय वाढतात का? का वाढावेत? विचार करा आणि आपल्या गणिताच्या शिक्षकांशी चर्चा करा.