दुर्मिळतेचा हिशेब

नवजात बालिकेच्या हिरडीवर मांसल गाठ दिसली, की घर हादरते; स्तनपानही कठीण होते. इ. स. १८७१ मध्ये नॉयमान या जर्मन संशोधकाने वर्णिलेली ही जन्मजात गाठ बहुधा मुलींच्या वरच्या जबड्यावर आढळते. ती कर्करोगाची नसते; लहानशा शस्त्रक्रियेने काढल्यावर सहसा पुन्हा उद्भवत नाही. तथापि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ९ जन्मदोषांत दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे, या गाठीचा नाही. नेहमी आढळणाऱ्या व्याधींना अग्रक्रम मिळावा, हे हिशेबाला धरूनच झाले. परंतु जेथे अल्प खर्चात पूर्ण आरोग्य लाभते, तेथे दुर्मिळता हे उपेक्षेचे निमित्त ठरू नये. व्याधी लाखांत एखादी असेल. त्या मातेला मात्र तीच सर्वस्व असते.