धक्का सर्वांचा, नियम कोणासाठी?

धक्क्याला लागलेले जहाज पाहणाऱ्याला मोठे डौलदार दिसते. परंतु तेथे उभे राहण्यापूर्वी त्याला किती अटी पाळाव्या लागत, याची कल्पना आपल्यापैकी फार थोड्यांना असते. इतिहासाच्या पुस्तकांत बंदराचा उल्लेख येतो तो व्यापाराच्या आकड्यांसाठी, नाहीतर आरमारी लढायांसाठी. धक्क्याचे नियम हा विषय कायद्याच्या पोथ्यांत पडून राहतो. वास्तविक एखाद्या राजवटीला कशाची किंमत वाटत होती आणि कशाची नव्हती, हे तिच्या भव्य इमारतींपेक्षा अशा रुक्ष नियमांतूनच अधिक स्पष्ट कळते. प्रस्तुत लेखात मुंबई बंदराच्या आधारे ब्रिटिश अमदानीतील या नियमांचा थोडक्यात परिचय करून देण्याचा विचार आहे.

मुंबईचे धक्के पहिल्यापासून सार्वजनिक नव्हते. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी समुद्रात भराव घालून बांधलेला धक्का ‘भाऊचा धक्का’ म्हणून आजही लोकांच्या तोंडी आहे. त्या काळी असे धक्के खाजगी मालकीचे असत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाल्याने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. याच सुमारास एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने मोदी बे भागात प्रचंड भराव घालण्याचे काम हाती घेतले आणि बंदराच्या किनाऱ्याचा महत्त्वाचा भाग एका कंपनीच्या हाती जाणार असे दिसू लागले. धक्का ज्याचा, त्याचीच मर्जी! तो मागेल ते भाडे द्यावे आणि तो सांगेल तेव्हा माल उतरवावा, ही स्थिती व्यापाराला परवडणारी नव्हती. म्हणून सरकारने १८७० साली कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. धक्का सार्वजनिक झाला तो असा. आता मालकाच्या मर्जीची जागा छापील दरपत्रकाने आणि नियमांनी घेतली.

यातला पहिला प्रश्न जागेचा. जहाजे पुष्कळ आणि धक्का थोडा, तेव्हा कोणी कोठे आणि किती वेळ थांबायचे? मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी बारा-चौदा फुटांनी खालीवर होते. उघड्या धक्क्याला लागलेले मोठे जहाज ओहोटीला गाळात बसण्याची भीती असे. त्यावर उपाय म्हणून दरवाजे असलेल्या बंदिस्त गोद्या बांधण्यात आल्या. १८७५ साली ससून डॉक, १८८० साली प्रिन्सेस डॉक आणि १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक सुरू झाले. या दोन मोठ्या गोद्यांचे दरवाजे भरतीच्या सुमारास उघडत आणि पाणी उतरू लागले की बंद होत. साहजिकच आत येण्याचा क्रम, उभे राहण्याची जागा आणि बाहेर पडण्याची वेळ ठरवण्याचा अधिकार बंदराच्या अधिकाऱ्यांकडे आला. जहाजाचा कप्तान भर समुद्रात राजा खरा, पण बंदराच्या हद्दीत त्याला हार्बर मास्टरचा हुकूम मानावा लागे. दोनशे टन किंवा त्याहून मोठे जहाज बंदराची वाट जाणणारा पायलट किंवा बंदराचा अधिकारी बरोबर घेतल्याशिवाय हलवता येत नसे. शेजारच्या जहाजाला सरकण्यासाठी आपल्या जहाजाला दोर बांधू देणे, हेही कप्तानाचे कर्तव्य असे. सूर्यास्तानंतर असा दोर आडवा टाकून ठेवणे हा गुन्हा होता, कारण अंधारात येणाऱ्या मचव्याला किंवा पडावाला तो दिसणार कसा?

दुसरा प्रश्न आगीचा. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यातील कलमे वाचली म्हणजे त्या काळच्या गोदीचे चित्रच डोळ्यांपुढे उभे राहते. लाकडी जहाजांच्या फटी डांबराने बुजवीत; पण बंदराच्या निषिद्ध भागात जहाजावर डांबर उकळण्यास मनाई होती. मेणबत्ती किंवा उघडा दिवा जवळ ठेवून पिंपातून दारू काढता येत नसे. बंदरात बंदूक किंवा तोफ उडवण्यास बंदी होती. संकटाचा इशारा म्हणून नुसत्या दारूचा बार काढण्याची तेवढी सूट असे. दोनशे टनांवरच्या जहाजावर पाण्याचा पंप आणि नळी असलीच पाहिजे, असा दंडक होता. जहाजाला आग लागली असता कप्तानाने ती विझवण्यात जाणूनबुजून हयगय केली, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकत. एका जहाजाची आग त्या एका जहाजापुरती राहत नाही, हे या साऱ्या कलमांमागचे सूत्र आहे.

घाण आणि रोगराई यांचाही विचार झालेला दिसतो. रिकाम्या जहाजाचा तोल राहावा म्हणून तळाशी दगड-वाळू भरीत. तिला नीरम म्हणत. माल भरण्यापूर्वी ही नीरम पाण्यात लोटून देण्याचा मोह होई. तसे केल्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि गाळ काढण्याचा खर्च भरावा लागे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा दुसऱ्याच वर्षी झालेल्या साथीच्या रोगांच्या कायद्याने येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांची तपासणी करण्याचा अधिकार सरकारने घेतला.

तिसरा प्रश्न पैशाचा आणि मालाचा. जहाजावरचा आणि मालावरचा आकार निरनिराळा असे. ठरलेल्या मुदतीत माल उचलला नाही, तर डेमरेज चढू लागे. कर थकला तर पोर्ट ट्रस्ट माल अडवून ठेवी आणि दोन महिन्यांनंतर जाहीर लिलाव करी. नासका माल असेल तर त्याहूनही लवकर, मात्र किमान चोवीस तास थांबून. बंदराची देणी चुकती केल्यावाचून जहाजाला निघण्याचा परवाना मिळत नसे. हे कडक वाटते खरे. पण धक्क्यावर एकाचा माल पडून राहिला की दुसऱ्याचे जहाज बाहेर खोळंबते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातला न्याय पटतो.

येथवर जहाज, माल आणि सरकारी तिजोरी यांची व्यवस्था झाली. मग पाठीवर पोते घेऊन फळीवरून चालणाऱ्या हमालाचे काय? देशावरून आणि कोकणातून आलेले कितीतरी लोक मुंबईच्या गोदीत राबत होते. नियमांच्या जंगलात त्यांच्यासाठी फारच थोडी जागा होती. बारा वर्षांखालील मुलांना माल उतरवण्याच्या कामावर लावू नये, एवढा साधा नियम करण्याची तरतूद बंदर कायद्यात व्हायला १९२२ साल उजाडले. गोदी कामगारांना अपघातापासून संरक्षण देणारा कायदा १९३४ साली झाला, पण तो प्रत्यक्ष अमलात आला १९४८ साली, म्हणजे इंग्रज गेल्यावर! नीरम पाण्यात टाकणाऱ्याला दंड करण्यात मात्र सरकारने अशी दिरंगाई केली नव्हती.

नियम काय राखत होते, हे ज्या दिवशी ते बाजूला ठेवले गेले त्या दिवशी कळले. स्फोटके आणणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावा, गोदीत न शिरता दूर पाण्यात नांगर टाकावा आणि लहान पडावांतून माल उतरवावा, अशी शांततेच्या काळातली रीत होती. दुसऱ्या महायुद्धात घाई झाली आणि ही रीत सैल करण्यात आली. १२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये धक्क्याला लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. जहाजावर लाल बावटा नव्हता. १४ तारखेला दुपारी कापसातून धूर येऊ लागला. जहाज बुडवावे की बाहेर न्यावे, यावर अधिकाऱ्यांची मते पडली. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दल सारे तेथे हजर होते. पण शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदी, गुदामे आणि मागची वस्ती पेटली. शेकडो माणसे मेली. आग विझवण्यासाठी गेलेल्या अग्निशमन दलातील ६६ जणांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

डांबर उकळू नये, उघडा दिवा नेऊ नये, असे सांगणारी कलमे त्या दिवशीही कायद्यात होतीच. परंतु एका सवलतीपुढे ती निष्प्रभ ठरली. सवलत देणारे युद्धखात्याचे होते. किंमत मोजणारे बहुतेक हमाल, खलाशी, बंबवाले आणि गोदीमागच्या चाळींतले रहिवासी होते. ज्यांच्यासाठी नियम करताना फारसा विचार झाला नव्हता, नियम मोडल्यावर तेच प्रथम भरडले गेले.

वसाहतीच्या काळातील धक्क्याचे हे नियम दोन्ही अंगांनी पाहिले पाहिजेत. एकाची मर्जी संपवून सर्वांना एकच क्रम, एकच दर आणि एकच शिस्त लावणे, हे त्यांचे खरे काम होते आणि ते मोलाचे होते. त्यांची उणीव एवढीच की, ‘सर्वांना’ या शब्दात जहाजवाले आणि मालवाले आले. धक्क्यावर घाम गाळणारा माणूस फार उशिरा आला. धक्का सार्वजनिक करायला सरकारला विकत घेण्याचा एक व्यवहार पुरला. तो सर्वांचा व्हायला मात्र नियमांनी सर्वांत दुबळ्या माणसाचा जीव आधी मोजावा लागतो आणि सर्वांत बलवान जहाजालाही सूट नाकारावी लागते.