आजीबाईचा बटवा : काय ठेवावे, काय टाकावे

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर झाले. सकाळी शोषखड्डे खणायचे आणि दुपारी दोघादोघींनी घरोघर जाऊन माहिती गोळा करायची, असा कार्यक्रम होता. प्रश्नावलीत एक प्रश्न होता : ‘लहान मूल आजारी पडल्यास घरी प्रथम काय उपचार करता?’ उत्तरासाठी कागदावर एकच ओळ सोडलेली होती. पहिल्याच घरी ती ओळ अपुरी पडली. ओवा, सुंठ, बाळंतशेप, वावडिंग, हिरडा, वेखंड, तुळस, अडुळसा... आजी सांगत होत्या आणि माझी मैत्रीण कागदाच्या पाठीमागे लिहीत होती.

संध्याकाळी या कागदांवरून आमच्यात वाद झाला. काहींच्या मते हे सारे अडाणीपणाचे, कधीच टाकून द्यायला हवे होते. उलट काहींच्या मते पूर्वजांनी सगळे शोधून ठेवले होते, आपणच इंग्रजी औषधांच्या नादी लागून ते विसरलो. दोन्ही बाजूंनी आवाज बराच चढला. पण बटव्यातली एक-एक वस्तू हातात घेऊन ही कशासाठी, हिने काय होते, असे मात्र कोणी विचारले नाही. तेच करून पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

बटव्यातला सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे बाळगुटी. सहाणेवर थोडे आईचे दूध किंवा उकळलेले पाणी घ्यायचे आणि त्यात एकेक वस्तू उगाळायची. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, अतिविष, मायफळ, जायफळ, हळकुंड, सुंठ, बदाम, खारीक, अशी ही यादी घराघरात थोडीफार बदलते. मला नवल वाटले ते मापाचे. ‘मुरुडशेंगेचे तीन वळसे, हिरड्याचे दोन, जायफळाचा मात्र एकच. जास्ती झालं तर पोर झोपून राहील,’ असे एका आजींनी बजावले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईजवळही औषधाची मात्रा मोजण्याची रीत होती आणि कोणती वस्तू जपून द्यायची याची जाणीव होती. जायफळ अधिक झाले तर खरोखरच गुंगी येते, हे आज औषधशास्त्रही सांगते. मुरुडशेंगेची गोष्ट थोडी निराळी. ही शेंग दोरीसारखी पिळलेली असते, म्हणून पोटात मुरडा आला की ती द्यायची. रूपावरून गुण ओळखण्याची ही जुनी पद्धत जगभर आढळते. पण ते अनुमान आहे, पुरावा नव्हे.

गुटीतली खरी अडचण मात्र औषधांत नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, उन्हाळ्यात वरचे पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे गुटी सुरू होते ती नेमकी याच महिन्यांत. ओली सहाण फळीवर ठेवलेली असते. तिच्यावर माशी बसते, धूळ बसते. हिरडा गुणी असेलही. पण त्याच्याबरोबर सहाणेवरचे जंतूही बाळाच्या पोटात जातात आणि ज्या जुलाबांवर गुटी द्यायची, ते तिच्यामुळेच लागण्याचा संभव असतो.

आणि मूल शांत झोपले म्हणजे ते बरे आहे, ही समजूत किती दूर जाऊ शकते याचे एक उदाहरण मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना ‘बाळागोळी’ देऊन जात. तिच्यात अफू असे. आईला दहा-दहा तास खात्यात उभे राहायचे होते आणि घरी मुलाजवळ बसायला कोणी नव्हते. दुष्टपणाचा त्यात प्रश्न नव्हता. पण ही गोळीही एके काळी ‘घरगुती उपाय’ म्हणूनच गणली जात होती, हे जुन्याचे गोडवे गाताना ध्यानात ठेवलेले बरे.

आता बटव्यातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टीकडे वळू. शिबिराहून घरी आल्यावर मी माझ्या आजीलाही तोच प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तुझ्या बाबांच्या आधी मला एक मुलगा होता, ठाऊक आहे ना? दहा महिन्यांचा होता. चैत्रात हगवण लागली. सासूबाई म्हणाल्या, पोटात काही ठरत नाही, वरून पाणी कशाला ओतता? मी त्याला दोन दिवस पाणी दिलं नाही. तो माझ्या हातातल्या भांड्याकडे बघायचा.’ तिसऱ्या दिवशी तो गेला. आमच्या घरात ही गोष्ट ‘तेव्हा औषधं नव्हती’ एवढ्या एका वाक्यात सांगितली जाते. पण त्याला जे हवे होते ते सर्व स्वयंपाकघरात होते.

जुलाबात मूल दगावते ते बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. टाळू खोल जाते, डोळे आत ओढले जातात, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही. पाणी बंद केल्याने जुलाब थांबत नाहीत; फक्त भरपाई थांबते. मग नुसते पाणी पाजले तर? तेही पुरत नाही, कारण आजारी आतडे पाणी नीट शोषून घेत नाही. इथे साखर उपयोगी पडते. आतड्याच्या अस्तरात अशी व्यवस्था आहे की ग्लुकोज आत जाताना मिठातला सोडियम आपल्याबरोबर घेऊन जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली ही जोडी प्रथम मांडली. जुलाब चालू असतानाही हे दार उघडे असते, आणि सगळी किमया यातच आहे.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून बाहेर आले ते एका संकटामुळे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते भांड्या-भांड्याने पाजायला सांगितले. अशा साथीत शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली शेकडा चारच्या खाली आले. डॉक्टर नव्हे, तर आई, भाऊ, शेजारीण यांनी पाजलेले हे औषध होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या उपचाराची गणना शतकातल्या बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. त्यांना पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

बांगलादेशात पुढे १९८० च्या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या खेडोपाडी घरोघर गेल्या आणि त्यांनी आयांना तीन बोटांची चिमूट मीठ व मूठभर गूळ यांचे पाणी करायला शिकवले. कार्यकर्तीचा मेहनताना किती घरे केली यावर नव्हता. शिकवून गेल्यावर आईच्या किती ध्यानात राहिले, हे तपासून तो ठरे. आपल्या प्रौढ शिक्षण वर्गांना ही पद्धत लावली तर कितीजणांना मानधन मिळेल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला!

आपल्याकडे या औषधाला ‘जलसंजीवनी’ असे सुंदर नाव मिळाले आहे. पुडी आरोग्य केंद्रात, आशाताईंकडे किंवा औषधांच्या दुकानात मिळते, आणि ती मिळत असेल तर तीच वापरावी. तिच्यात पोटॅशियमही असते. पुडीवर लिहिलेल्या मापाइतकेच पाणी घ्यावे, कमी-जास्त नको. पुडी येईपर्यंत घरी करायचे झाल्यास उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव पाहावी, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ जास्त झाले तर ते लहान मुलाला अपाय करते, आणि साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. याच कारणाने बाटलीतली गोड पेये जुलाबात देऊ नयेत. हे पाणी चमच्याचमच्याने पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. चोवीस तासांत उरलेले टाकून ताजे करावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे, आणि जेवणाऱ्या मुलाचे जेवणही. जोडीला जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस देतात. त्यांनी दुखणे लवकर आटोपते आणि पुढच्या काही महिन्यांत ते उलटण्याचा संभव कमी होतो.

कोकणात आणि गोव्यात आजारी माणसाला मीठ घातलेली पेज देतात. तांदळातल्या पिष्टाचे आतड्यात सावकाश ग्लुकोज होते आणि मीठ तर त्यात असतेच. म्हणजे पेज पाजणाऱ्या आजीकडे जलसंजीवनीची निम्मी विद्या आधीपासूनच होती. वरचे खाऊ लागलेल्या मुलाला पातळ, खारी पेज, ताक, डाळीचे पाणी जरूर द्यावे. मात्र शौचात रक्त पडले, मूल पाणीही पिईना, सुस्त पडून राहिले किंवा लघवी होईनाशी झाली, तर घरचे उपाय तिथेच थांबवून दवाखाना गाठावा.

खोकल्याच्या औषधांत अडुळसा मला विशेष आवडतो. कुंपणाला लावतात तो हाच. त्याच्या पानांत व्हॅसिसिन नावाचे द्रव्य आहे आणि कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे प्रसिद्ध औषध त्यावरूनच घडवलेले आहे. मध घशाला आराम देतो हे खरे. पण एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून त्याला लुळे करू शकतात. जन्मल्याबरोबर सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. न्हाऊ घातल्यावर नाकात तेलाचे थेंब सोडणेही बंदच करावे. ते फुफ्फुसात उतरते. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात. आणि ओवा-लसणीच्या सालींची धुरी कितीही सुगंधी वाटली तरी तो शेवटी धूरच, नाही का?

खोकल्यापेक्षा पाहायचे ते श्वासाकडे. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ किंवा अधिक, एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर तो न्यूमोनिया असण्याचा संभव असतो. बरगड्यांखाली श्वासागणिक खळगा पडत असेल तर क्षणभरही थांबू नये. याच पोट उडण्यावर मेळघाटात तापलेल्या विळ्याने बाळाच्या पोटावर डाग देण्याची रीत होती आणि तशा बातम्या अलीकडेही आल्या आहेत. न्यूमोनियाने धापणाऱ्या जिवाला वर भाजल्याची जखम! आणि त्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे साधन तयार केले. त्यावर, आकडे न येणारी सुईणही बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखू शके. गावातल्याच माणसांना शिकवून, त्यांच्या हाती योग्य औषध देऊन बालमृत्यू कमी करता येतात, हे त्यांनी आकडेवारीनिशी दाखवले.

गोवराविषयी थोडेच लिहितो. अंगावर आले की देवीचा कोप मानून मुलाला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवतात, घरात कोणाला येऊ देत नाहीत. हे वेगळे ठेवणे अगदी योग्य आहे. औषध बंद करणे आणि खाणे तोडणे मात्र घातक. गोवरात डोळे जाऊ शकतात. ते वाचवायला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात. आणि गोवर मुळात येऊच नये म्हणून लस आहे.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी अंगणवाडीत आम्ही मीठ-साखरेचे पाणी करून दाखवले. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. जायफळाचा एकच वळसा सांगणाऱ्या आजी पुढेच बसल्या होत्या. सगळे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, ‘पोरा, मग मुरुडशेंग द्यायची का नाही, तेवढं सांग.’ मी म्हणालो, ‘आजी, सहा महिन्यांपर्यंत काहीच नको. पुढं द्यायचीच तर सहाण उकळत्या पाण्यानं धुऊन द्या. पण जुलाब लागले तर आधी हे पाणी.’ त्यांनी हात पुढे करून तळव्यावर चमचाभर पाणी घेतले, चाखले आणि तोंड वाकडे केले. ‘मीठ जास्ती झालंय रे.’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. चमचा सपाट करायचा राहिला होता. भांडे ओतून टाकले आणि दुसरे पाणी उकळायला ठेवले. या वेळी मीठ त्यांनीच घातले.